खरवडीचा वार

पहाटे चारला पेटते माझी चूल, म्पालुकेच्या शाळेमागे.
तीन दगड, मधोमध कापलेलं पिंप,
माझ्या खांद्याइतका उंच लाकडी डाव.
पेज हवी तर प्रत्येक पोरानं एक लाकूड आणायचं, असा नियम.
लाकडावरून घर कळतं मला.
आंब्याची जाड फांदी आणणाऱ्याचा बाप घरी आहे.
मक्याचं वाळकं ताट आणणाऱ्याचा
मोझांबिकला गेला तो गेलाच.
आणि जो रिकाम्या हातानं येतो
तो रात्री अंधारातच जेवला असणार,
जेवला असेल तर.

पोत्यावर छापलंय : दोनशे बारा मुलांसाठी.
येतात तीनशे चाळीस.
मी काही गणित शिकले नाही,
पाणी वाढवायला शिकले.

फेब्रुवारी आहे. कणगीत हात घातला की तळाची माती लागते,
आणि शेतातला मका अजून दुधावरसुद्धा आलेला नाही.
चिल्वा तळं एवढं मागे हटलंय
की होड्या चिखलात बसकण मारून बसल्यात.
पूर्वी ओंजळभर मिळायचे सुके मासे,
आता बाजारातली बाई मोजून देते,
दवाखान्यातल्या गोळ्यांसारखे.

मंगळवारी झोम्बाहून चिम्वाझासाहेब आले, फीत घेऊन.
मदालोचा दंड मोजला : पिवळ्यात.
उंची मोजली : वय दहा, उंची साताची.
मग कागदावरचे रकाने.
विहीर किती लांब? लांब.
जंताची गोळी? मागच्या वर्षी.
मच्छरदाणी आहे घरात?
आहे, पोरगी म्हणाली, तळ्यात आहे. मामा तिनं मासे धरतो.
साहेब हसले, मग त्यांनी ते लिहिलं नाही.
आई?
दुसऱ्याच्या शेतात. मजुरीला कोंडा मिळतो.
(कोंड्याचा मांडा करणारी बाई आहे ती,
पण कोंडासुद्धा रोज कुठे मिळतो?)
शाळेतली पेज संपवतेस ना सगळी?

मदालोनं माझ्याकडे बघितलं.
मी पिंपात बघितलं.
संपवते, मी म्हटलं.

तीन घोट पिते ती. मोजलेत मी.
उरलेली पेज तेलाच्या बाटलीत, बाटली चितेंजेच्या पदराआड,
आणि कुंपणापलीकडे लिम्बानी, चार वर्षांचा,
तारेला नाक लावून.
लिम्बानी म्हणजे खंबीर राहा.
शाळेत यायचं त्याचं वय नाही,
भुकेचं आहे.
त्या कागदावर भावाचा रकाना नव्हता.

पिंप रिकामं झालं की खरवड उरते.
करपलेली, गोडसर, सगळ्यात घट्ट.
तिच्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून मी वार लावून दिले.
मदालोचा गुरुवार.
आणि खरवड बाटलीत जात नाही.
हे माझ्या ध्यानात आलं एका गुरुवारी, आपोआप,
तेव्हापासून गुरुवारी माझा डाव आळसतो.
जाळ जरा जास्त, ढवळणं जरा कमी,
बुडाला बोटभर जाडी धरेपर्यंत.
हेडमास्तर वास घेत येतात : एनेलेसी, पुन्हा लागली?
म्हातारी झाले सर, म्हणते मी. चाळिशी नाही अजून माझी.
ती बोटभर जाडी
तीनशे एकोणचाळीस ताटल्यांतून येते,
हेही ठाऊक आहे मला.
शुक्रवारी सगळ्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

गेल्या गुरुवारी ती पिंपात कमरेपर्यंत वाकली,
शिंपल्यानं खरडलं, खर्र खर्र,
एक तुकडा तोंडात, बरं वाटलं मला.
दुसरा मुठीत.
मूठ मिटून ती कुंपणाकडे चालत गेली,
पळत नाही, चालत,
कुणाला संशय येऊ नये म्हणून.

येत्या गुरुवारी मी तिच्याजवळ बसणार आहे,
ती शेवटचा तुकडा गिळेपर्यंत.
बसणार आहे
कुंपणाकडे पाठ करून.